अंड्याचे काम कोण करील?

आज मी आपल्यापुढे केकविषयी बोलणार आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. वाशीसारख्या गावात राहणाऱ्या, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने भट्टीजवळ कशाला जावे, असेही कोणी म्हणेल. पण केक ही आता शहराचीच मिरास राहिलेली नाही. वाडीवस्तीवरच्या शाळेतसुद्धा वाढदिवस म्हटला की केक आला, मेणबत्ती आली, टाळ्या आल्या. आणि ज्या वर्गात चाळीस मुले केक खातात, त्या वर्गात एखादे मूल असे असते की ज्याला तो घास विषासारखा बाधतो. त्या एका मुलासाठी आजचे हे भाषण आहे.

असे एक मूल माझ्या घरातच आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षे सात. तिला लहानपणापासून अंडे चालत नाही आणि दूधही चालत नाही. पुढे पाचव्या वर्षी वजन वाढेना, पोट सारखे बिघडू लागले, तेव्हा तपासण्या झाल्या आणि गहूही चालत नाही असे निघाले. अंडे, दूध, गहू! या तीन गोष्टी वजा केल्या तर बेकरीच्या काचेच्या कपाटात काय उरते, ते आपणच सांगा.

गेल्या वर्षी तिच्या वर्गात एका मुलाचा वाढदिवस झाला. तिला अंडे चालत नाही हे गुरुजींना ठाऊक होते. त्यांनी मुद्दाम विचारून बिनअंड्याचा केक आणवला आणि मोठ्या मायेने तिला म्हणाले, "खा बाळ, ह्यात अंडं नाही." तिने खाल्ला. पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात वेळेवर नेले म्हणून निभावले. केकात अंडे खरेच नव्हते. अंड्याच्या जागी आटवलेले गोड दूध घातलेले होते. गुरुजींचा हेतू चांगला होता, दुकानदारानेही खोटे सांगितले नव्हते. तरी मुलीच्या जिवावर बेतले. त्यानंतर वर्गात वाढदिवस असला की ती आपण होऊन उठायची आणि व्हरांड्यात जाऊन बसायची. तिला कोणी घालवून दिले नव्हते, पण भीतीने तिची पंगत मोडली होती.

ही चूक कशी झाली, ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात बिनअंड्याचा केक निघाला तो मुख्यतः आचारधर्मामुळे. आपल्या भागाजवळ कुंथलगिरीसारखे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. अंडे वर्ज्य मानणारी कितीतरी कुटुंबे आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी बेकरीवाल्याने अंडे काढले आणि त्या जागी दही, दूध, आटवलेले दूध घातले. व्रताच्या दृष्टीने ते अगदी योग्यच झाले. पण व्रत वेगळे आणि पथ्य वेगळे. व्रतात अंडे चालत नाही आणि दूध चालते. पथ्याची यादी मात्र शरीर ठरवते, आणि प्रत्येक शरीराची यादी निराळी असते. म्हणून "बिनअंड्याचा" हा शब्द पथ्याच्या मुलासाठी अर्धवट आहे. बिनअंड्याचा, मग त्यात आहे काय, हा पुढचा प्रश्न विचारल्यावाचून घास देऊ नये.

इथे आणखी एक भेद सांगतो. "दूध सोसत नाही" असे आपण सरसकट म्हणतो, पण त्याचे दोन अर्थ होतात. काहींच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा रस कमी असतो. त्यांना दूध प्याले की पोट फुगते, जुलाब होतात. त्रास होतो, पण जीव धोक्यात येत नाही, आणि पुष्कळदा दही-ताक चालते. ही झाली असहिष्णुता. दुसऱ्या प्रकारात शरीर दुधातल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. ही ॲलर्जी. तिथे दहीही नको, खवाही नको, आणि प्रथिनाचा अंश राहतो म्हणून साधारणपणे तूपही नको. तिथे चमचाभर अन्नसुद्धा प्राणावर बेतू शकते. गव्हाचा सीलिॲक नावाचा विकार हा आणखी तिसरा प्रकार. त्यात गव्हातल्या ग्लूटेन या चिकट प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराची नासधूस करते. मूल लगेच सुजत नाही, पण महिनोन्‌महिने खंगत जाते.

तेव्हा पहिली गोष्ट, निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे. कोणी सांगितले म्हणून मुलाच्या ताटातून एकेक पदार्थ काढत गेलो, तर आजार राहतो बाजूला आणि मूल उपासमारीने वाळते. गव्हाची शंका असेल तर गहू बंद करण्याच्या आधी रक्ताची तपासणी करावी. आधीच बंद केला तर तपासणीत विकार लपून जातो. आणि अंड्याची ॲलर्जी असलेली पुष्कळ मुले मोठेपणी तीतून सुटतात, हेही आशेचे आहे. मात्र सुटले की नाही हे घरी घास भरवून पाहायचे नसते. ती परीक्षा डॉक्टरांच्या समोरच व्हावी.

आता वळू या मूळ प्रश्नाकडे. अंड्याला पर्याय कोणता? लोक एका शब्दात उत्तर मागतात. पण शेतात गडी आला नाही तर आपण काय विचारतो? "आज त्याच्याकडे काम कोणतं होतं?" नांगराचे होते की पाणी धरायचे, हे कळले म्हणजे बदली माणूस मिळतो. अंड्याचेही तसेच आहे.

केकात अंडे मुख्यतः चार कामे करते. पहिले, बांधणीचे. अंड्यातली प्रथिने साठ अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णतेने घट्ट होऊ लागतात आणि पिठाचे कण धरून ठेवतात. दुसरे, फुलवण्याचे. अंडे फेटले की त्यात हवा कोंडली जाते, तीच भट्टीत प्रसरण पावते. तिसरे, ओलाव्याचे. अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. आणि चौथे, तेल व पाणी एकजीव करण्याचे. ते काम बलकातले लेसिथिन नावाचे द्रव्य करते. ही चारही कामे एकट्याने करणारा दुसरा पदार्थ घरात सहसा सापडत नाही. म्हणून कामे वाटून द्यावी लागतात.

ही वाटणी पूर्वी एका नवऱ्याने आपल्या बायकोसाठी करून पाहिली होती. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला, एलिझाबेथला, अंडे चालत नसे आणि पाव फुगवण्याचे यीस्टही चालत नसे. अंड्यावाचून कस्टर्ड कसे व्हावे? त्याने 1837 साली मक्याचे सत्त्व घेऊन बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली. यीस्टवाचून पाव कसा फुगावा? त्याने 1843 साली बेकिंग पावडर तयार केली. आज आपल्याकडे फळे घालून जे कस्टर्ड करतात, आणि केकात जी चमचाभर बेकिंग पावडर पडते, त्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एका आजारी बाईचे पथ्य आहे. जे एकीसाठी शोधले, ते जगाच्या स्वयंपाकघरात गेले.

बर्डने कामाची फोड केली. दाटपणा आणण्याचे काम मक्याच्या सत्त्वाने केले आणि फुगवण्याचे काम सोड्याने केले. खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की कर्बवायू सुटतो, त्याचे बुडबुडे पीठ फुगवतात. ढोकळा करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे पुस्तकावाचून ठाऊक आहे.

आता आपल्या बाजारात काय काय मिळते ते पाहू. सगळ्यात आधी जवस. आपल्या मराठवाड्यात जवसाची चटणी ज्याच्या घरी नाही असे घर विरळा. हेच जवस बारीक कुटून एक मोठा चमचा पूड घ्यावी, तीन मोठे चमचे पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. बुळबुळीत, ओढाळ असा चीक तयार होतो. एका अंड्याच्या बांधणीचे काम तो करतो. दुसरे, पिकलेले केळे. अर्धे मोठे केळे कुस्करले की एका अंड्याइतका ओलावा आणि थोडी बांधणी मिळते. मात्र केळ्याची चव येणारच. तिसरे, हरभऱ्याचे पीठ. तीन मोठे चमचे बेसन आणि तितकेच पाणी हे एका अंड्याच्या जागी चालते. तिखट पदार्थांत ते विशेष शोभते.

चौथा पर्याय ऐकून आपल्या आयाबहिणींना गंमत वाटेल. पुरणाची डाळ शिजवली की वरचे पाणी आपण काढतो. त्याला कोणी कट म्हणते, आपल्याकडे येळवणी म्हणतात. डाळ शिजताना त्या पाण्याला किती फेस येतो आणि ते कसे उतू जाते, हे सर्वांनी पाहिले आहे. काबुली हरभऱ्याच्या अशाच पाण्याचा उपयोग 2014 साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल नावाच्या गायकाने जगापुढे मांडला. ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेटता येते, असे त्याने दाखवले. पुढच्याच वर्षी गूस व्होल्ट या अमेरिकन अभियंत्याने त्याला ॲक्वाफाबा हे नाव दिले. काबुली हरभरे शिजवलेले दाट पाणी तीन मोठे चमचे घेतले की ते एका अंड्याच्या जागी धरतात, आणि ते हवा कोंडण्याचे काम करते. आपण जे आमटीत घालत आलो, त्याचा हा दुसरा गुण आपल्याला दिसलाच नव्हता.

पण सावध! हे पर्यायही सर्वांना चालतील असे नाही. कोणाला हरभरा बाधतो, कोणाला सोयाबीन, कोणाला शेंगदाणा, क्वचित कोणाला जवस आणि तीळसुद्धा. एक दार बंद केले म्हणून दुसरे आंधळेपणाने उघडू नये.

आता खरी अडचण सांगतो. माझ्या भाचीचा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिने मला विचारले, "मामा, माझ्या वाढदिवसाला काय कापायचं?" मी म्हणालो, "केकच कापू की." बोलून गेलो खरा. मग जवस भिजवले, गव्हाच्या ऐवजी ज्वारीचे पीठ घेतले, दुधाच्या ऐवजी पाणी घातले आणि केक भाजला. सुरी लावली आणि सगळ्याची रेती झाली! बहीण म्हणाली, "दादा, ह्याला केक म्हणायचं का भुगा?" दुसऱ्या खेपेला जवस दुप्पट केले, तर आतून लगदा झाला.

असे का व्हावे? याचे कारण मला पुढे उमगले. अंडे, दूध आणि गहू ही केकाची तिवई आहे. गव्हातले ग्लूटेन ताणले जाते, जाळे विणते. अंडे त्या जाळ्याला बळकटी देते. दूध ओलावा आणि प्रथिने पुरवते. बिनअंड्याच्या सगळ्या पाककृती गव्हावर आणि दुधावर भार टाकतात. बिनगव्हाच्या पाककृती अंड्यावर भार टाकतात. तिवईचा एक पाय काढला तर उरलेल्या दोघांवर कशीबशी ती तोलता येते. तिन्ही पाय काढले तर बैठकच नवी बांधावी लागते. एकेका पथ्याच्या पाककृती एकत्र चिकटवून अनेक पथ्यांची पाककृती तयार होत नाही, ती या कारणाने.

नवी बैठक माझ्या आईने सुचवली. ती आयुष्यात केकाच्या वाटेला गेलेली नाही. माझी फजिती पाहून ती म्हणाली, "अरं, ज्वारीला कुठं चिकाटी असती? भाकरीला पीठ इरी गेलं तर आपण उकड काढतो. तशी काढून बघ की."

श्रोतेहो, त्या एका वाक्यात शास्त्र होते. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून भाकरी थापताना चिरते. पिठात कढत पाणी घातले की त्यातला स्टार्च फुगतो, खळीसारखा चिकट होतो आणि पीठ बांधून धरतो. जे भाकरीला चालते ते केकाला का चालू नये? तिसऱ्या खेपेला थोड्या पिठाची उकड काढून घातली, आणि केक एकसंध निघाला. त्याची कृती सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

वाटी सुमारे दोनशे मिलिलिटरची धरावी. ज्वारीचे बारीक चाळलेले पीठ एक वाटी आणि तांदळाचे पीठ अर्धी वाटी घ्यावे. त्यातले दोन मोठे चमचे पीठ बाजूला काढून अर्धी वाटी पाण्यात कालवावे आणि मंद आचेवर ढवळत खळीसारखे दाट करून निववावे. ही झाली उकड. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवावी. पाऊण वाटी गूळ पाव वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. एक पिकलेले केळे कुस्करावे. पाव वाटी करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे. उकड, जवस, गूळ, केळे आणि तेल हे सारे चांगले घोटून एकजीव करावे. उरलेल्या पिठात दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड मिसळून चाळावी. दोन्ही एकत्र करावे. पीठ इडलीच्या पिठाइतके सैल असावे. घट्ट वाटले तर थोडे पाणी घालावे. शेवटी एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालून हलके ढवळावे आणि लगेच तेल लावलेल्या भांड्यात ओतावे. थांबू नये, कारण वायू सुटायला तेव्हापासूनच सुरुवात होते.

भट्टी नसली तरी चालते. कुकरच्या झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून टाकावी. तळाशी मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरावी, वर जाळी ठेवावी आणि दहा मिनिटे तापवून घ्यावे. कुकरमध्ये पाणी घालायचे नाही. मग केकाचे भांडे ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाजावे. काडी टोचून कोरडी निघाली की झाले. भट्टी असेल तर एकशे ऐंशी अंशांवर साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि एक पथ्य कापणाऱ्यानेही पाळावे: पूर्ण निवाल्यावाचून सुरी लावू नये. अंडे आणि ग्लूटेन नसलेला केक निवताना आवळतो. गरम कापला तर पुन्हा रेती होते.

हा केक पावासारखा उंच फुगत नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्या स्पंज केकात चार-सहा अंडी पडतात, त्याची नक्कल जवस-केळ्याने होत नाही. एक-दोन अंडी लागणाऱ्या पदार्थांतच पर्याय नीट चालतात. आपला केक थोडा जड आणि ओलसर होतो, गुळाच्या रंगाचा होतो. पण कोकणात तवशाचे धोंडस करतात, काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, खाली निखारे आणि वर निखारे ठेवून भाजतात. तेही असेच जड असते, आणि लोक ते चवीने खातात. आपला केक त्याच जातकुळीचा आहे असे समजावे.

ज्यांना सीलिॲकचा विकार आहे त्यांच्यासाठी एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्या गावचा आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गिरणीत आहे! आपल्या आधी कोणाचे गहू दळलेले असतात, आणि त्यांचे पीठ गिरणीच्या दगडात, पेटीत, नळीत राहिलेले असते. ते आपल्या ज्वारीत उतरते. असल्या रुग्णाला तेवढेही पुरते. आपल्याकडे ज्या मालावर ग्लूटेनमुक्त असे लिहायचे, त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये असा नियम आहे. यावरून किती थोडे चालते ते कळेल. तेव्हा ज्वारी-तांदूळ निवडून धुऊन वाळवावे आणि घरच्या वेगळ्या जात्यावर किंवा घरघंटीवर, जिच्यात गहू कधी दळला नाही अशीवर, दळावे. चाळणी आणि परातही निराळी ठेवावी. बेकिंग पावडरमध्येही स्टार्च असतो. तो कशाचा आहे ते डब्यावर वाचावे.

वाचण्यावरून आठवले. दुकानच्या पुड्यावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. त्या ठिपक्याचा अर्थ इतकाच, की पदार्थ शाकाहारी आहे, म्हणजे त्यात अंडे घातलेले नाही. दूध शाकाहारीत मोडते, गहू मोडतो, शेंगदाणा मोडतो. तेव्हा ठिपका पाहून थांबू नये. आपल्या देशाच्या 2020 सालच्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन अशा ॲलर्जी आणणाऱ्या गोष्टी पुड्यावर वेगळ्या सांगाव्या लागतात. ती ओळ अगदी बारीक अक्षरात असते. घरात ज्याची दृष्टी चांगली आहे त्याच्याकडून ती वाचून घ्यावी, आणि नेहमीचाच पुडा असला तरी दर खेपेला वाचावी, कारण कारखानदार घटक बदलतात.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. 2023 च्या नोव्हेंबरात आपल्या राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ. 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा निधी थांबला. पण त्या निर्णयात आपल्या विषयाचा एक धडा आहे. केळे हा अंड्याला पर्याय आहे काय? केकात ओलाव्याच्या कामापुरता आहे. ताटात मात्र नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात एखादाच ग्रॅम. म्हणजे ज्या मुलाला अंडे चालत नाही त्याला केळे देऊन पंगतीचा मान राखला जातो, शरीराची भर होत नाही. ती वरण, उसळ, हरभरा यांतून, जे त्याला चालत असेल त्यातून, घरी आणि शाळेत भरून काढली पाहिजे. पर्याय शोधताना काम कोणते, हा प्रश्न इथेही विचारावा.

वर्गात असे मूल असेल तर पालकांकडून त्याला न चालणाऱ्या पदार्थांची लेखी यादी घ्यावी आणि बदली शिक्षकालाही दिसेल अशा ठिकाणी ठेवावी. वाटपाच्या दिवशी त्याच्यासाठी घरचा डबा आधीच आलेला असावा. मुलांचे हात साबण-पाण्याने धुवावेत. नुसत्या जंतुनाशक द्रवाने अन्नाचा अंश जात नाही. आणि "थोडं खाल्लं तर काय होतंय" हे वाक्य मात्र कोणीही, कितीही मायेने, उच्चारू नये. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरू लागला, मूल निस्तेज होऊन गळून पडू लागले, तर लिंबूपाणी आणि घरगुती उपाय यांत वेळ न घालवता 108 वर फोन करावा आणि जवळच्या दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितले असेल तर ते आधी द्यावे. अशा वेळी मिनिटे मोलाची असतात.

भाचीच्या वाढदिवसाला आम्ही तो गुळाचा केक शाळेत नेला. तिच्यासाठी वेगळा नाही, साऱ्या वर्गाचा तोच केक. नेण्याआधी गुरुजींनी घटकांची यादी मागून घेतली आणि दुसऱ्या कोणाला काही बाधत नाही ना, हे प्रत्येकाच्या घरी विचारून घेतले. कापायच्या आधी तिने हळूच मला विचारले, "मामा, ह्यात अंडं न्हाई ना? दूध न्हाई ना? गहू न्हाई ना?" तिन्ही वेळा मी "न्हाई" म्हणालो. मग तिने सुरी धरली. मुलांनी केक खाल्ला. एकाने आणखी मागितला. हा केक बिनअंड्याचा आहे की अंड्याचा, याची चौकशी कोणीही केली नाही. भाची वाटप संपेपर्यंत वर्गातच होती, व्हरांड्यात गेली नाही.

वर्गातल्या सर्वांना चालेल असा एक पदार्थ शोधून काढणे फारसे खर्चाचे नाही. ज्वारी आपली आहे, जवस आपले आहे, गूळ आपला आहे आणि उकड काढणारे हात घरोघरी आहेत. आधी नीट विचारावे, मग नीट वाचावे, आणि मग जे काम अडले आहे त्याला माणूस पाहावा, तसा पदार्थ पाहावा.